बोडीची पाळ

(दृश्य: मे महिन्याची दुपार. कोरडी बोडी, तळाला हातभर भेगा.)

ही बोडी. पूर्व विदर्भाबाहेरच्या अनेकांना हा शब्द नवा असेल. उतारावरून वाहून जाणारं पाणी अडवायला शेतकऱ्यानं स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या खर्चानं घातलेलं मातीचं लहानसं धरण. तीन बाजूंना पाळ. चौथी बाजू चढाकडे मोकळी, पाणी आत यावं म्हणून. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात गावोगावी अशा बोड्या आहेत. आपण पाहतोय ती गोंदिया जिल्ह्यातली. पसारा साधारण एक एकर.

(दृश्य: पाळीच्या आतल्या अंगाला तीन माणसं. कुदळ, फावडी, घमेली. जरा दूर पळसाच्या सावलीत मातीचा माठ.)

टोपी घातलेले ते मालक. त्यांच्या मागे घमेलं घेऊन येतो तो पुतण्या. तिसरा माणूस खालच्या शेताचा धनी. या बोडीत त्याचा हिस्सा नाही, तरी कालपासून तो इथे कामाला आहे.

या मुलखात पाऊस कमी नाही. वर्षाला 1200 ते 1300 मिलिमीटर पडतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तोही मनाला येईल तसा. भारी, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या धानाला तर ऑक्टोबरमध्येही पाणी लागतं. लोंबी पोटात असते, निसवायची वेळ असते आणि नेमकं तेव्हाच आभाळ कोरडं होतं. त्या शेवटच्या एक-दोन पाण्यांवर वर्षाचं पीक ठरतं. इथला माणूस शेकडो वर्षं माती उचलत आला तो या दोन पाण्यांसाठी.

(दृश्य: नवेगावबांधचा जलाशय, पहाट. डोंगरांच्या मधे पसरलेलं पाणी.)

हा नवेगावबांध. एवढं मोठं पाणी, आणि तेही मातीच्या बांधावर तोललेलं. हा बांध कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी घातला, असं इथले लोक सांगतात. कोहळी म्हणजे तलाव बांधण्यात हातखंडा असलेला शेतकरी समाज. त्यांचे पूर्वज काशीकडून आले, असं त्यांच्या घरांत सांगितलं जातं. जो जंगल तोडून तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या गोंड राजांचा शब्द होता म्हणतात. राज्याच्या तिजोरीतून दमडी न जाता तलाव उभे राहत गेले.

पुढे इंग्रजी अमलात गावांचे मालगुजार, म्हणजे सारा भरणारे जमीनदार झाले आणि तलावही त्यांच्या मालकीचे झाले. माती टाकायला मात्र सगळं गाव असायचं. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. कागदावर त्याचं ‘मामा तलाव’ झालं. पूर्व विदर्भात असे सुमारे 7 हजार तलाव मोजले गेले आहेत. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. त्यांची दुरुस्ती होवो न होवो, त्यांची यादी तरी आहे.

वहिवाटीच्या शेतातली बोडी मात्र शेतकऱ्याचीच राहिली. तिच्या पाळीला भोक पडलं तर विचारायला येणारं कोणी नाही. म्हणून ही तीन माणसं मे महिन्याच्या उन्हात इथे आहेत.

(दृश्य: पाळीत खणलेला चर. मालक हाताने माती चाचपतात.)

गेल्या पावसाळ्यात इथून पाणी झिरपत होतं. खणून पाहिलं तर आत घुशीचं बीळ निघालं. मातीच्या धरणाचा घात अशा बारीक वाटेनं होतो. पाण्याला बोटभर जागा सापडली की ते मातीचा कण न् कण सोबत नेतं, वाट आतल्या आत रुंदावते, आणि एका रात्री पाळ बसते. खेकड्याचं बीळ, उंदराचं बीळ, कुजलेल्या झाडाचं पोकळ मूळ, सगळ्यांचा शेवट तोच. म्हणून पाळीवर मोठं झाड वाढू द्यायचं नाही. गवत मात्र हवं, पावसाचा मार ते झेलतं.

बीळ वरून बुजवून भागत नाही. ते जिथवर गेलंय तिथवर खणत जायचं. घट्ट माती लागली की थांबायचं, आणि मग खालून वर भरत यायचं.

(दृश्य: जवळून. ओली काळी माती, ती ठोकायला तिच्यावर धुम्मस पडतंय. एक, दोन, तीन...)

वीतभर थर, त्यावर पाण्याचा शिपका, मग धुम्मस. पुन्हा वीतभर थर. माती इतकीच ओली हवी की मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये. कोरडी भरली तर पहिल्या पाण्यात खचते. चिखल करून भरली तर वाळताना फाटते.

माती कुठली, यालाही महत्त्व आहे. इथे जमिनीची नावं सगळ्यांना पाठ असतात : कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी. कन्हार काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. म्हणून गाभ्यात कन्हार. पण तीच उन्हात भेगाळते, तिला उघडं ठेवून चालत नाही. वरून मुरमाड मातीचं पांघरूण घालावं लागतं. मोठ्या मातीच्या धरणांचे अभियंतेही हेच करतात. ते त्याला गाभा आणि आवरण म्हणतात. हे काका शाळा किती शिकले ते आम्ही विचारलं नाही. त्यांची पाळ आम्ही पाहिली, ते पुरेसं होतं.

(दृश्य: पाण्याच्या नळाचं तोंड. भोवती माती ठासणारे हात.)

सर्वात नाजूक जागा ही. जुन्या तलावांना पाणी सोडायला तुडुम असायचं. इथे सिमेंटचा नळ आहे आणि त्याला लाकडी बूच. नळातून जाणारं पाणी आपल्या ताब्यात असतं. नळाच्या बाहेरून, माती आणि सिमेंट यांच्या फटीतून जाणारं पाणी कोणाचंच ऐकत नाही. म्हणून इथे धुम्मस नाही, हात. बोटांनी चिकणमाती कोंबायची, मुठीनं ठासायची. या चार हात लांबीला अर्धा दिवस गेला. कॅमेरा बंद करून आम्हीही मातीची घमेली उचलली.

(दृश्य: सांडव्याचे दगड नीट बसवताना.)

आणि हा सांडवा. जास्तीचं पाणी इथून निघून गेलंच पाहिजे. मातीच्या पाळीवरून पाणी उलटलं की ती कापत जाते, मग कोणाच्यानं थांबत नाही. सांडव्याची कड पाळीच्या माथ्यापेक्षा दोन हात खाली ठेवलीय. थोडी उंच केली तर पाणी जास्त मावेल, असं पुतण्या म्हणाला होता. काकांनी नुसती मान हलवली.

(दृश्य: जुलै. मुसळधार पाऊस. बोडी भरतेय. छत्री धरून पाळीवरून चालणारे दोघे.)

“काकाजी, इथं पाझरून राहिलं जी.”

“गढूळ येते का साफ?”

“साफ आहे.”

“मग भिऊ नको. गढूळ आलं, का मले आवाज दे.”

हे एवढं पक्कं ध्यानात ठेवावं असं आहे. मातीची पाळ थोडी पाझरणारच. पाणी निवळ असेल तर पाळ आपल्या जागी आहे. गढूळ झालं म्हणजे पाण्याबरोबर पाळीची माती चालली आहे.

(दृश्य: भरलेली बोडी, वरून. सांडव्यावरून पातळ पाणी.)

एक एकर पसारा, सरासरी पाच फूट पाणी. हिशेब केला तर जवळपास 60 लाख लिटर. धानाच्या एका एकराला दोन इंच पाणी द्यायचं तर साधारण 2 लाख लिटर लागतं. काही पाणी ऊन नेतं, काही जमीन पिते. जमिनीत मुरलेलं खालच्या विहिरींना लागतं, तेव्हा ते वाया गेलं म्हणता येत नाही. उरलेल्या पाण्यावर सात-आठ एकर धानाची दोन पाणी निघतात. त्याला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. उतार आहे, तो पाणी नेतो.

(दृश्य: शेजारचं सपाट शेत. मधोमध जुन्या पाळीचा उंचवटा, त्यावर बेशरमाची झुडपं.)

इथेही बोडी होती. वाटण्या झाल्या, सातबाऱ्यावर नावं वाढली, पाळ कोणी घालायची यावर एकमत झालं नाही. बोडी सपाट झाली आणि तिच्याखालच्या धानाचं शेवटचं पाणी गेलं.

आपल्या काकांच्या बोडीवर आज चार नावं आहेत. दोघं गावात नाहीत.

(दृश्य: ऑक्टोबर. सकाळचं ऊन. निसवायला आलेलं हिरवं धान. बोडीच्या पाण्यात उतरलेले काका.)

अठरा दिवस पाऊस नाही. बांध्यांमधली, म्हणजे धानाच्या लहान लहान वाफ्यांमधली माती पांढरी पडू लागलीय.

(दृश्य: काका कमरेएवढ्या पाण्यात. बूच हलवतात. क्षणभर काही नाही. मग आवाज.)

(इथे निवेदन नाही. पाण्याचा आवाज राहू द्यावा. पंधरा सेकंद.)

पाणी पहिल्या बांधीत शिरलं. ती भरली की पुतण्या फावड्यानं मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध फोडतो आणि पाणी दुसरीत उतरतं. दुसरीतून तिसरीत. पाटाची गरज नाही, बांध्याच एकमेकींना पाणी देतात. या कामाला घाई चालत नाही. प्रत्येक बांधीत धानाच्या बुडाशी पाणी उभं राहिलं पाहिजे, मगच पुढची.

(दृश्य: दुपार. सावल्या लांबलेल्या. शेवटची बांधी भरत आलेली.)

काकांचं शेत इथे संपतं. पलीकडे तिसऱ्या माणसाचं शेत, तोच, मे महिन्यात धुम्मस मारणारा. तो धुऱ्यावर उभा आहे. त्याच्या हातात फावडं आहे, पण त्यानं ते अजून जमिनीला लावलेलं नाही.

काकांनी वरून हात केला.

(दृश्य: फावडं पडतं. धुरा फुटतो. पाणी पलीकडे.)