टीचर आजारी पडली तर?

नमस्कार श्रोतेहो.

जून महिना, बालवाडीचा पहिला आठवडा. तीन वर्षांचं पोर आईचा पदर सोडायला तयार नाही, भोकाड पसरलंय. टीचर त्याला कडेवर घेते. ते तिच्या खांद्याला नाक पुसतं, तिच्या तोंडावरच शिंकतं आणि थोड्या वेळानं तिथंच झोपी जातं. या बाईनं सुरक्षित अंतर पाळायचं कुणापासून?

कोविडच्या काळात जे नियम आले ते ऑफिस, बाजार, बस डोळ्यांसमोर ठेवून केलेले. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. ते बरोबरच होतं. पण त्याचा अर्थ असा की वर्गात मास्क उरला एकट्या टीचरच्या तोंडावर. तोही बऱ्याचदा कापडी, कारण चांगला एन-९५ तिनं स्वतःच्या पैशांनी आणायचा.

मग राहिली खोलीतली हवा. आपण खेळणी पुसली, बाकांवर फवारे मारले, दारात सॅनिटायझरची बाटली टांगली. हात धुणं चांगलंच, जुलाबाच्या साथीतही ते उपयोगी पडतं. पण हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो आणि कोंदट खोलीत साचून राहतो. आपल्याकडे गोव्यात बालवाडी कुठं जुन्या घराच्या ओसरीलगतच्या खोलीत भरते, कुठं देवस्थानच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत. उन्हाळ्यात दारं-खिडक्या सताड उघडी असतात. शाळा सुरू होते नेमकी पावसात, आणि झड आत येते म्हणून सगळं बंद. झड बहुतेक पश्चिमेकडून येते. तेवढ्या खिडक्या लावाव्यात, पूर्वेच्या उघड्या ठेवाव्यात. उघड्या खिडकीशी टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवला की आतली हवा बाहेर जाते. आणि पाऊस थांबला की मुलांना व्हरांड्यात घ्यावं. गाणी काय, तिथंही होतात.

मास्कमधून दिवसभर बोलायचं तर आवाज चढतो, घसा बसतो. मुलांना गप्प करायला टाळीची किंवा घंटीची खूण ठरवली तरी टीचरचा बराच त्रास वाचतो.

नियम करताना या टीचरचा विचार कसा राहून जातो, त्याला लसीचं उदाहरण घ्या. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, तेव्हा अंगणवाडी सेविका आरोग्य कर्मचाऱ्यांच्या गटात होत्या. खाजगी बालवाडीतली तिशीची टीचर मात्र वयाच्या रांगेत. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस खुली झाली ती १ मे २०२१ पासून. शिक्षकांना शिक्षकदिनाच्या आत लस द्या, असं केंद्रानं राज्यांना सांगितलं ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. शेंबूड पुसायचं काम दोघींचं सारखंच होतं.

पण माझ्या मते खरी गोम रजेत आहे. सेविकेला पगार नाही, मानधन. निदान त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला. खाजगी बालवाडीत पुष्कळ ठिकाणी खाडा झाला की पैसे कापले, हाच रिवाज. अंगात कणकण असली तरी टीचर गोळी घेऊन वर्गात उभी राहते. पालकही तेच करतात. सकाळी सातला पोराला तापाचं औषध पाजायचं आणि शाळेत सोडायचं, कारण आईलाही कामावर रजा नाही. दहा वाजता ताप पुन्हा चढतो, तोवर ते पोर टीचरच्या मांडीवर असतं. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, आजारपणाचा भत्ता मिळतो, पण तिथं साधारण दहा कामगारांची अट आहे. दोन टीचर आणि एक मदतनीस असलेली बालवाडी त्यात बसणार कशी?

शाळा बंद होत्या तेव्हाही काम थांबलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी मोबाईल टेकवून गोष्टीचे व्हिडिओ करायचे. सत्तरी-सांगेकडच्या गावांत ते पाठवायला रेंज शोधत चढावर जायचं, रिचार्ज स्वतःचा. पालकांचे मेसेज रात्री साडेदहालाही. फी येत नाही म्हणून पगार अर्धा, तरी गाणं म्हणताना चेहरा हसरा हवा! आपल्याला कुणी विचारत नाही, हे ओझं त्या पगाराच्या काळजीइतकंच जड होतं. आठवड्यातून एकदा दोन-तीन बालवाड्यांच्या टीचरनी फोनवर नुसतं बोलून घेतलं तरी जीव हलका होतो. आणि संध्याकाळी सातनंतर मेसेज नाही, हे व्यवस्थापनानं पालकांना सांगावं, टीचरवर सोडू नये.

साथ पुन्हा येईल तेव्हा नियम ठरवायला वेळ नसतो. येत्या जूनच्या पालकसभेत गणवेश आणि स्नेहसंमेलनाचं बोलणं झालं की एवढं विचारा: टीचर आजारी पडली तर वर्ग कोण घेणार, त्या बदली बाईचे पैसे कोण देणार, आणि टीचरची रजा भरपगारी आहे की नाही. उत्तर मिळालं की ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. नमस्कार.