डुलॅली टॅप: इंग्रजीतलं वेड, पत्ता नाशिकजवळचा

लंडनमधल्या एखाद्या आजीबाई चष्मा फ्रीजमध्ये ठेवून घरभर शोधत बसल्या की घरचे हसून म्हणतात, शी हॅज गॉन डुलॅली. म्हणजे आजीचा स्क्रू ढिला झालाय. म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो की आपण आत्ता नाशिकजवळच्या एका स्टेशनचं नाव घेतलं.

हो, देवळाली. नाशिकरोडच्या अलीकडची, कॅम्पवाली.

१८६१ मध्ये ब्रिटिशांनी इथे फौजेसाठी ट्रान्झिट कॅम्प टाकला. विलायतेहून आलेले गोरे सोल्जर मुंबईला उतरायचे, इथे थांबायचे, मग पोस्टिंगवर, आणि परत जातानाही वाटेत हाच मुक्काम. आता खरी गंमत परतीवाल्यांची. नोकरीची मुदत संपली, सामान बांधलं, देवळालीला येऊन बसले आणि बोटच नाही, कारण फौजेच्या बोटी साधारण हिवाळ्यातच चालायच्या, शेवटची चुकली की अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा इथेच काढायचा. करायला धड काम नाही, मग काय, दारू, मारामाऱ्या, नको तिथे जाऊन लावून घेतलेले रोग, त्यात मलेरिया, आणि चांगली शिस्तीतली माणसं चक्रमासारखी वागायला लागायची.

अशा माणसाला बाकीचे म्हणायचे, याला डुलॅली टॅप झालाय. हा टॅप म्हणजे नळ नाही बरं का, तो आपला ताप! देवळालीचा ताप. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो ना, तोच, फक्त गोऱ्यांच्या तोंडात जाऊन त चा ट झाला. पुढे बोलता बोलता टॅप गळला, नुसतं डुलॅली उरलं.

बराकीतून इंग्रजीत घुसलेले असे शब्द अजून आहेत, डेको म्हणजे देखो, ब्लायटी म्हणजे विलायत, आरामाच्या नोकरीला कुशी म्हणतात ते आपल्या खुशीवरून. पण अख्ख्या गावाच्या नावाला वेड चिकटलं ते देवळालीच्याच. आणि हा शुद्ध अन्याय आहे राव, कारण इथली हवा एवढी छान की मुंबईचे पारशी खास हवापालटाला यायचे, सॅनिटोरियम बांधून ठेवलीत त्यांनी. घोळ सगळा बोटींच्या टाइमटेबलचा, नाव मात्र गावाचं खराब.

लष्कर अजूनही इथेच आहे, स्कूल ऑफ आर्टिलरी, तोफांचं ट्रेनिंग इथेच होतं.

त्या सोल्जरांपैकी कोणी आज मुंबईत उतरला तर मात्र जाम चक्रावेल, कारण तिथे डुलॅली नावाचं टॅपरूम आहे, ताजी बिअर मिळते, आणि तिथला टॅप म्हणजे खरोखर नळच.