आपल्या वस्तीचे हस्तलिखित

(पुण्यातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

‘वस्तीपातळीवरील साहित्यिक उपक्रम : स्वरूप आणि योजना’ हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. योजनेकडे मी येणारच आहे; परंतु त्याआधी एक गोष्ट बोलून टाकल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही, इतकी ती अनेक वर्षे माझ्या मनात घर करून आहे. पुण्यात साहित्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात. टिळक रस्त्यापासून नवी पेठेपर्यंतची सभागृहे संध्याकाळी रिकामी सापडणे कठीण. तरीही या कार्यक्रमांमुळे आपल्या गल्लीतला, चाळीतला, सोसायटीतला एखादा माणूस हातात लेखणी घेऊन लिहायला बसला, असे फार क्वचित घडते. कार्यक्रमाला किती जण आले हे संयोजक मोठ्या हौसेने सांगतात. त्या निमित्ताने किती जणांनी लिहिले, हेही त्यांनी तितक्याच आस्थेने विचारावे, असे माझे मागणे आहे.

ऐकण्याची आणि वाचण्याची सोय या शहराने फार लवकर केली. आजचे पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, आणि त्याच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ऐन उन्हाळ्यात रोज संध्याकाळी व्याख्यानाला जाण्याची सवय पुणेकरांना पिढ्यान् पिढ्या लागली. लोकहितवादी आणि रानडे यांच्याच प्रयत्नाने ११ मे १८७८ रोजी हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपली परंपरा तेथूनच मोजते. १९०६ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषद पुण्यातच स्थापन झाली. या संस्थांबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांच्यामुळेच आज येथे आपण बसलो आहोत आणि तासभर एका माणसाचे बोलणे शांतपणे ऐकून घेण्याची तयारी आपल्यात आहे.

मात्र याच शहराचा आणखी एक इतिहास आहे आणि तो आपण कमी वेळा सांगतो. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ती शाळकरी मुलगी होती. शाळेत लिहायला शिकवले जात होते, आपल्या मनातले लिहायला वाव होता, आणि लिहिलेले वाचणारे कोणी होते. एवढ्या तीन गोष्टी जुळून आल्या आणि मराठी गद्यात आजही वाचताना अंगावर येणारा मजकूर निर्माण झाला. पुढे १८८५ मध्ये ग्रंथकारांची दुसरी सभा भरली तेव्हा तिच्या निमंत्रणाला जोतीरावांनी नकार दिला. सर्व माणसांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या वागण्यात आणि ग्रंथांत दिसत नाही त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. साहित्याचा कार्यक्रम ठरवणाऱ्या प्रत्येक समितीने पहिल्या बैठकीत ते पत्र मोठ्याने वाचावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या व्यासपीठावर कोण नाही, हा प्रश्न त्या पत्राने एकदाच विचारला आणि तो अजून जागेवर आहे.

गणेशोत्सवातील मेळ्यांचा, म्हणजे पदे गाणाऱ्या पथकांचा, उल्लेखही येथे केला पाहिजे, कारण वस्ती लिहिती कशी होते याचे तितके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. मेळ्याला दरवर्षी नवी पदे लागत. मागच्या वर्षीची पदे म्हटली तर श्रोते नाराज होत. म्हणून पेठेतला कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी गाण्याची आवड असलेला दुकानदार उत्सवाच्या आधी काही आठवडे पदे रचायला बसे, मुले ती पाठ करीत आणि दहा दिवसांत ती गावभर होत. यातील बरीच पदे साधारण असतील, परंतु ठरलेल्या तारखेला नवे काही लागणारच, या गरजेने माणसे लिहिती झाली. १९२३ च्या सुमारास पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाचेही तेच. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमा रानडे ही मंडळी एकत्र बसून एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांची चिकित्सा करीत. पुढच्या बैठकीत काहीतरी वाचायचे आहे, हे बंधन कवीला केवढे उपयोगी पडते ते ज्याने कधी अशी बैठक केली आहे त्यालाच कळेल.

आता माझी तक्रार. प्रकाशन समारंभ आपण सर्वांनी पाहिले आहेत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, त्या परिचयावर पाहुण्यांचे आभार; मग पुस्तकाच्या वेष्टनाची फीत सुटते, छायाचित्रे होतात, आणि लेखक मनोगतासाठी उभा राहतो तेव्हा सभागृहाचे कर्मचारी दारात उभे असतात, कारण साडेआठची दुसरी नोंदणी आहे. पुस्तकातले एक पानही कोणी वाचून दाखवत नाही. याहून मला दुःख होते ते निबंधस्पर्धांचे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला परीक्षक नेमले होते. विषय होता ‘वेळेचे महत्त्व’. बहुतेक निबंधांत गेलेली वेळ परत येत नाही हे वाक्य होते आणि थोर पुरुषांची वचने होती. त्या गठ्ठ्यात सहावीतल्या एका मुलीने लिहिले होते, “आमच्या स्वयंपाकघरातले घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे, कारण नळ सहाला जातो आणि आईचा नळावर विश्वास नाही. बाबा बाहेरच्या खोलीतल्या घड्याळावर चालतात, म्हणून ते दोघे कधी एका वेळी चहा पीत नाहीत.” मी या निबंधाला पहिले पारितोषिक द्यावे म्हणून आग्रह धरला. प्रस्तावना नाही, समारोप नाही, सुविचार नाही, म्हणून तो निबंध उत्तेजनार्थ यादीतही बसला नाही. निदान त्या मुलीला दोन ओळींचे पत्र लिहावे म्हणून महिन्याभराने मी संस्थेकडे तो निबंध मागितला, तेव्हा सर्व गठ्ठे रद्दीत दिल्याचे समजले. मुलांकडून लिहून घ्यायचे, कोणी ते वाचायचे नाही, आणि वर प्रमाणपत्र द्यायचे, याला साहित्यिक उपक्रम म्हणणे मला अजिबात मान्य नाही. त्या मुलीने त्यानंतर लिहिले की नाही, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

याच्या उलट अनुभव मला आमच्याच वसाहतीत आला आणि तो थोडा विस्ताराने सांगण्याची परवानगी द्यावी. आम्ही काही शेजारी महिन्यातून एकदा लिहायला जमतो. आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत. त्यांनी प्रथम जे लिहून आणले ते सेवापुस्तकासारखे होते: अमुक साली रुजू झालो, अमुक आगारात बदली झाली, वरिष्ठांनी सहकार्य केले. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली आणि विषय तिथेच संपला असता. पण आमच्यातल्या एक काकू, ज्या स्वतः दहावीपर्यंत शिकल्या आहेत आणि मेसचे डबे करतात, त्यांनी विचारले, “मुक्कामाच्या गाडीवर असताना तुम्ही झोपायचा कुठे?” वाहक म्हणाले, उन्हाळ्यात गाडीच्या टपावर, पावसाळ्यात आतल्या लांब सीटवर. “आणि पैशांची पिशवी?” उशाखाली. “तिकिटांचा ट्रे?” तोही उशाशी, कारण तिकिटांचा गठ्ठा हरवला तर त्याची भरपाई पगारातून. “मग झोप लागायची का हो?” यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि पुढच्या महिन्यात फुलस्केपची चार पाने लिहून घेऊन आले.

त्या पानांत घाटाखालचे एक गाव होते. पहाटेच्या पहिल्या गाडीत चढणारे दुधाचे कॅन, तालुक्याच्या कोर्टात तारखेला जाणारा एकच एक म्हातारा, सुट्या पैशांवरून रोज होणारी तीच वादावादी. आणि एक रात्र होती. गावातली एक बाई अडली होती, दुसरे वाहन नव्हते. चालकाने वेळापत्रकात नसलेली गाडी मध्यरात्री बाहेर काढली. वाहकांनी बाईसकट सर्वांची तिकिटे फाडून पंच केली आणि पैसे स्वतःच्या खिशातून भरले, कारण गाडी विनातिकीट चालली असे कोणी म्हणायला नको. त्यांना खरा पेच पडला तो वे-बिलावर, म्हणजे वाहकाच्या फेरीच्या नोंदपत्रकावर, सुटण्याची वेळ कोणती लिहावी याचा. तो रकाना त्यांनी कोरा सोडला आणि पुढे त्याबद्दल त्यांना खुलासा द्यावा लागला. बाई आणि मूल सुखरूप राहिले की नाही, हे त्यांना कधीच कळले नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्यांची ड्यूटी बदलली. हे त्यांनी आमच्यासमोर वाचले तेव्हा त्यांच्या पत्नी शेजारी बसल्या होत्या आणि त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

ही चार पाने कोणत्या मासिकाकडे पाठवावीत, असा सल्ला त्यांना लगेच मिळाला. मला तो घाईचा वाटतो. ती आधी आमच्या हस्तलिखितात, म्हणजे हाताने लिहून काढलेल्या अंकात, गेली. शाळा-महाविद्यालयांतून हस्तलिखित काढण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. भित्तिपत्रके तर आजही दिसतात. वस्तीने ती पद्धत आपलीशी का करू नये? हस्तलिखितासाठी जाहिरात लागत नाही, विक्रीची चिंता नसते, आणि हाताने पान उतरवताना लिहिणारा आपला मजकूर पुन्हा वाचतो. अर्धे संपादन तेथेच होते. त्या वाहकांनी ‘वरिष्ठांच्या सहकार्याने’ हे शब्द स्वच्छ प्रत करताना स्वतःच गाळले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि योजना सांगायची आहे, तेव्हा ती भराभर सांगतो.

बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आणि कोणासाठीही न थांबता सुरू व्हावी. दहा-बारा जणांपेक्षा अधिक माणसे झाली तर दुसरा गट करावा. प्रमुख पाहुणे नकोत, सत्कार नकोत. पहिला अर्धा तास सर्वांनी तेथेच बसून लिहावे, कारण घरी लिहून आणतो म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण आणत नाहीत. विषय लहान आणि हाताला लागेल असा असावा. ‘निसर्ग’ नको, ‘आमच्या इमारतीचा जिना’ असावा. मग वाचन. वाचनानंतर फक्त प्रश्न विचारावेत. वा, छान, सुंदर यांनी लिहिणाऱ्याला पुढचे पान सुचत नाही, “झोपायचा कुठे?” याने सुचते.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा डोळ्यांनी साथ सोडली आहे त्यांच्यासाठी लेखनिक असावा आणि त्याने सांगणाऱ्याचे शब्दच उतरवावेत, प्रमाणभाषेत बदलू नयेत. पुण्याच्या वस्त्यांत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारी माणसे राहतात; वसाहतीचे सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बायका लांबलांबून आलेल्या असतात. त्यांना रविवारी सकाळी सवड नसेल तर बैठकीची वेळ बदलावी, त्यांनाच वेळ बदलायला सांगू नये.

वर्षाअखेरीस हस्तलिखित बांधून घ्यावे. कागद चांगला, एका बाजूला लेखन, डावीकडे बांधणीपुरता मोठा समास, वर कापडी पुठ्ठा. त्याला वाचनालयाने रीतसर दाखल क्रमांक द्यावा आणि ते कपाटात पाहुण्यांना दाखवण्यासाठी न ठेवता सभासदांना येथे बसून वाचायला द्यावे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी भाषणांऐवजी त्यातील पाने लिहिणाऱ्यांनीच वाचावीत. कोणाचाही मजकूर मोबाइलवर फिरवण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. वाहकांच्या पत्नींनी जे ऐकले ते साऱ्या गावाने ऐकावे की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचे असते.

सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानाची कुचंबणा मी जाणतो. १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग झाले आणि त्या वर्गांवर सारे गणित बसते, कर्मचाऱ्यांचे मानधन तुटपुंजे राहते. त्यावर स्वतंत्र बोलावे लागेल, आज वेळ नाही. बैठकीला मात्र एक खोली, एक सतरंजी आणि काही दस्ते कागद यांपलीकडे खर्च नाही. फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरू लागला आहे, तेथे लोक रांगा लावून पुस्तके घेतात याचा मला आनंद आहे. या बैठकी तेथून पुस्तक घेऊन घरी परतलेल्या वाचकासाठी आहेत.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता बालविभागाची खोली मोकळी ठेवण्याचे ग्रंथपालांनी मान्य केले आहे. नाव नोंदवण्याची वही देवघेवीच्या खिडकीपाशी आहे. ज्यांना लेखनिक लागेल त्यांनी तसे ग्रंथपालांना सांगावे, म्हणजे शेजारच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थी मी सोबत घेऊन येईन. आणि ज्यांना रविवार जमत नाही त्यांनी कोणता वार जमतो ते आज जाण्यापूर्वी मला सांगावे, मी दाराशी थांबतो आहे.