तो एक कुठे जातो?

नमस्कार, श्रोतेहो.

कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाच्या दारावर एक कागद लावलेला असतो. 'विद्यार्थ्यांसाठी भेटीची वेळ : मंगळवार व गुरुवार, दुपारी ३ ते ४.' माझ्याही दारावर होता. छापील, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. मी संख्याशास्त्र शिकवत असे. त्या वेळात माझ्याकडे कोण येई, तर पहिल्या बाकावरच्या दोन मुली. शंभरात ९२ पडलेले असायचे आणि उरलेले ८ कुठे कापले हे विचारायचं असायचं. परीक्षेच्या तोंडावर हजेरीची विनवणी करायला आणखी चार-पाच जण. संपली यादी. जे नापास होत होते, ज्यांच्यासाठी तो कागद लावला होता, त्यांच्यातलं एकही पोर त्या दाराशी कधी फिरकलं नाही.

स्टाफरूममध्ये आम्ही म्हणायचो, "पोरांनाच नकोय हो. आम्ही तर दार उघडं ठेवून बसलोय." मीही म्हणायचे. अगदी ठासून म्हणायचे.

आज मला त्या दाराबद्दलच बोलायचंय. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज असते, तोच ती मागायला येत नाही. पुन्हा सांगते, कारण हे कळायला मला फार वर्षं लागली. ज्याला गरज सगळ्यात जास्त, तोच मागायला येत नाही. शंका विचारायची तर आपलं नेमकं कुठे अडलंय हे तरी ठाऊक हवं. ज्याच्या सगळंच डोक्यावरून गेलंय, तो विचारणार काय? "मॅडम, सगळंच समजलं नाही," असं म्हणायला जिगर लागते. शिवाय ज्याच्या घरातून याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्याच्या लेखी शिक्षकाच्या खोलीत जाणं म्हणजे बोलणी खायला जाणं. शाळेत तसंच तर असतं. भेटीची वेळ हा आपला हक्क आहे, हे त्याला सांगतं कोण?

आणि वर्गातलं ते आपलं लाडकं वाक्य, "काही शंका?" फळा पुसता पुसता, पाठमोरं उभं राहून विचारायचं. उत्तर आलं नाही की "चला, पुढे जाऊ." मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या सुमारास शाळांच्या वर्गांत हे अक्षरशः मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती थांबतात? जेमतेम एक सेकंद! थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. फक्त तीन सेकंद, श्रोतेहो. मी घड्याळ लावून थांबून पाहिलंय. वर्गासमोर तीन सेकंद गप्प उभं राहणं फार जड जातं.

विषयांतर होतंय, पण बोलून टाकते. या शांततेचा खून स्लाइडनं केला. खडूनं लिहिताना हाताला वेळ लागतो, तेवढ्यात मागच्याला वहीत उतरवून घेता येतं, मध्येच "मॅडम, ते एक्स की वाय?" असं विचारता येतं. स्लाइडला फक्त बटण लागतं. साठ स्लाइड पन्नास मिनिटांत, आणि वर 'पोर्शन संपला' म्हणून समाधान. पोर्शन शिक्षकाचा संपतो हो, विद्यार्थ्याचा तिथून सुरू होतो. असो.

आता ज्याच्यासाठी मी हा माइक मागून घेतला, तो किस्सा.

एका वर्षी सत्राच्या मध्यावर आमच्या मजल्याला रंग काढायचं ठरलं. माझी खोली रिकामी केली, कपाटावर चादरी टाकल्या. मी बसायचं कुठे? शिपायानं एक जुनं टेबल नि खुर्ची काढून जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या कूलरशेजारी मांडून दिली. टेबलाचा एक पाय आखूड. हात टेकला की डुगडुगायचं. मी मनातून चरफडत होते. इतकी वर्षं नोकरी झालेली बाई जिन्यात बसते म्हणजे काय! पण पेपर तपासायचे होते, बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा पाणी भरायला आला. बाटली भरली, माझ्याकडे पाहिलं, गेला. दहा मिनिटांनी पुन्हा आला. बाटली तोंडापर्यंत भरलेली. त्यानं ती कूलरच्या ट्रेमध्ये ओतली आणि नव्यानं भरली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मीच म्हटलं, "काय रे, एवढी तहान?"

तो ओशाळला. मग जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, एक विचारू? तुम्ही हसाल."

"हसले तर बाटली माझ्यावर ओत. विचार."

"प्रमाण विचलन काढताना आपण एन वजा एकनं भागतो ना. मग तो एक कुठे जातो?"

श्रोतेहो, प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते काढायचं, वर्ग करायचे, बेरीज करायची, भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. एन म्हणजे आकडे किती ते; दहा आकडे असतील तर भागायचं मात्र नऊनं. हे मी त्या वर्गाला सहा आठवड्यांपूर्वी शिकवलं होतं. पूर्ण फळाभर. आणि हा पोरगा सहा आठवडे त्या हरवलेल्या एकाला शोधत होता! पुढचं काही त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं, कारण त्याचं म्हणणं सरळ होतं, की माणसं दहा असताना वाटणी नऊ जणांत का?

मी तोंड उघडलं. "त्याला डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात," मी म्हणाले.

तो म्हणाला, "हो मॅडम, ते लिहून घेतलंय."

त्या 'लिहून घेतलंय'नं मला जो चटका बसला, तो आजही आठवतो. शब्द त्याच्याकडे होता, अर्थ नव्हता. आणि खरं सांगायचं तर साध्या भाषेत अर्थ सांगायला गेले, तर माझीही जीभ अडखळली. १८ वर्षं मी एन वजा एकनं भागत होते. सिद्धता मला झोपेत मांडता आली असती. पण जिन्यात उभ्या असलेल्या, हातात बाटली धरलेल्या पोराला एका वाक्यात सांगता येईना. मी कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, त्या त्याला आणखीच घाबरवणाऱ्या निघाल्या, खोडल्या.

तेवढ्यात त्याच्याच वर्गातली एक मुलगी जिना उतरत होती. तीही काही पहिल्या बाकावरची नव्हे. चाचणीत कशीबशी पास. ती थांबली. "अरे, माझंही परवापर्यंत तिथंच अडलं होतं," म्हणाली, आणि मला न विचारता टेबलावरचा खडू उचलून टेबलावरच तीन उभ्या रेघा मारल्या.

"ही तीन माणसं. सरासरी या तिघांचीच काढलीय. पहिला म्हणतो, मी सरासरीच्या दोन वर. दुसरा म्हणतो, मी तीन वर. तिसरा काय म्हणेल?"

तो क्षणभर थांबला. "पाच खाली. बेरीज शून्य व्हायला हवी."

"त्याला विचारावं लागलं का तुला?"

"नाही."

"मग बातमी किती जणांनी दिली?"

"दोघांनी."

"मग भागायचं कितीनं? तिसऱ्यानं नवं काही सांगितलंच नाही, त्याला वाटणीत कशाला धरायचं?"

तो त्या तीन रेघांकडे बघत राहिला. मग त्यानं तिसरी रेघ अंगठ्यानं पुसली. "हा तो एक," म्हणाला. पाण्याची बाटली टेबलावरच विसरून निघून गेला.

शास्त्र म्हणून सांगते, ही काही पुरी सिद्धता नव्हे. सरासरी त्याच आकड्यांची धरली की फरकांचे वर्ग खऱ्यापेक्षा थोडे कमीच भरतात. एननं भागलं तर व्हेरियन्स, म्हणजे वर्गमूळ घेण्याआधीचा आकडा, सरासरीनं कमी येतो, आणि ती तूट एन वजा एकनं भागल्यावर भरून निघते. ते त्याला मी पुढच्या आठवड्यात दाखवलं, आणि तेव्हा ते त्याला कळलं. आधी ते कळणारच नव्हतं.

मी पुष्कळ दिवस विचार करत होते, की जे मला जमलं नाही ते त्या मुलीला कसं जमलं? एकच कारण सापडलं. ती दोन दिवसांपूर्वी त्याच खड्ड्यात पडली होती. मी कधी पडले होते ते मला आठवतसुद्धा नव्हतं. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक माझुर हेच सांगतात. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत, पण बलाबद्दलच्या साध्यासुध्या प्रश्नांत चुकत. असा एक प्रश्न ते वर्गात परत परत समजावत होते, कुणाला कळेना. वैतागून म्हणाले, आपापसांत बोला. वर्गात एकच गलका झाला, आणि दोन-तीन मिनिटांत पोरांनीच उत्तर शोधलं. १९९१ पासून त्यांनी तीच पद्धत केली. प्रश्न द्यायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं.

याला आता भक्कम आधारही आहे. २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के नापास, मुलांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. गंमत अशी, की हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वाटलं होतं उलटंच. छान, सुरळीत व्याख्यान ऐकल्यावर 'आज जास्त शिकलो' असं मुलं म्हणाली, आणि चाचणीत जास्त गुण पडले ते धडपडणाऱ्या वर्गाला. तेव्हा सत्राअखेरीस मुलांनी भरलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवरून शिक्षकाची किंमत ठरवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. हे माझं जुनं दुखणं आहे, लांबवत नाही.

बाकीचं भरभर सांगते, काचेपलीकडून हात दिसायला लागलेत. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्रीझमन यांनी पाहिलं, की कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास होतात. प्राध्यापकांना कारणं विचारली, तर तयारी कच्ची, घरची परिस्थिती, जिद्द नाही, अशी उत्तरं आली. मग ते मुलांच्या मागेमागे राहून ती अभ्यास कसा करतात हे बघू लागले, आणि एकही कारण टिकलं नाही. ही मुलं एकटीच बसून अभ्यास करत होती. चांगले गुण मिळवणारी चिनी वंशाची मुलं गटानं बसत, एकमेकांची गणितं तपासत. ट्रीझमननी गट बांधले, पण 'कच्च्यांचे वर्ग' म्हणून नाही. मुद्दाम जास्त अवघड गणितं दिली, आणि मुलं वर आली. 'कच्चा' हा शब्द आपण फार सहज वापरतो. एकदा लागला की पोराच्या कपाळावरून निघत नाही.

मी स्वतः फार काही केलं नाही. तास संपायच्या आधी दोन मिनिटं चिठ्ठ्या घ्यायला लागले. नाव नाही, एकच प्रश्न : आज कुठे अडलं? पहिल्या दिवशी ७० चिठ्ठ्यांत ४० जणांचं अडलेलं ठिकाण एकच निघालं, आणि ते मी 'सोपं आहे, वगळू' म्हणून वगळलं होतं. नापास होणाऱ्यांची वाट बघणं सोडलं. पहिल्या चाचणीनंतर तिसऱ्याच दिवशी पेपरावर लिहायला लागले, 'उद्या दोन वाजता जिन्यात भेट.' ये म्हटल्यावर येतात हो. येऊ शकता म्हटलं की येत नाहीत.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी बाटली न्यायला आला. या वेळी एकटा नव्हता, बरोबर आणखी दोघे होते.

रंग पंधरा दिवसांत वाळला. शिपाई विचारायला आला, "मॅडम, टेबल आत घेऊ?" म्हटलं, राहू दे तिथेच, फक्त याचं डुगडुगणं थांबव. तो इकडेतिकडे काहीतरी शोधू लागला. मी खोलीच्या दारावरचा तो कागद काढला, भेटीची वेळ, मंगळवार व गुरुवार, ३ ते ४. त्याची चौपदरी घडी घातली. आखूड पायाखाली अगदी बरोबर बसली.

नमस्कार.