दगडावर कोरलेलं सुझोऊ

(काळसर शिळेवरून हळूहळू सरकणारं दृश्य)

हा नकाशा दगडावर कोरलाय. साल १२२९. तेव्हा या शहराचं नाव होतं पिंगजियांग; आज आपण त्याला सुझोऊ म्हणतो, चीनमधलं. तटबंदी, मंदिरं, सरकारी वाडे, पूल, सगळं यात आहे. पण जरा नीट पाहा. बहुतेक रस्त्यांच्या जोडीनं पाण्याची एक रेघ चाललीय. जणू एकावर एक ठेवलेले दोन पट: एक रस्त्यांचा, एक कालव्यांचा.

(हवाई दृश्य: सरोवर, भातखाचरं)

उत्तरेला यांगत्से नदी, पश्चिमेला ताईहू सरोवर, मधे सपाट गाळाची जमीन. इथं पाणी आणावं लागत नाही, ते आहेच. त्याला वाट करून द्यावी लागते. वू राज्याचा राजा हेलू यानं इसवी सनापूर्वी ५१४ मध्ये हे नगर वसवलं, असं परंपरा सांगते.

(पिंगजियांग रस्ता, सकाळ)

पांढऱ्या भिंती, काळी कौलं. पुढचं दार गल्लीत, मागचं थेट कालव्यावर. पाण्यात उतरणाऱ्या या दगडी पायऱ्या म्हणजे प्रत्येक घराचा आपापला छोटा घाटच. तांदूळ, भाजी, सरपण मागच्या दारी होडीनं यायचं. पाहुणे मात्र पुढून. नकाशातले बरेच कालवे विसाव्या शतकात बुजवले गेले. हा उरला, आणि आता त्याच्या काठी पर्यटकांची इतकी झुंबड असते, की निवांत बघायचं तर पहाटेच यावं.

(पानमेन वेस)

इथं वेशीला दोन दारं आहेत, शेजारी शेजारी. एक माणसांसाठी, दुसरं होड्यांसाठी.

(महाकालवा, मालवाहू पडाव)

तटाबाहेर भेटतो महाकालवा. सुई घराण्याच्या यांग सम्राटानं ६१० मध्ये त्याचा दक्षिणेकडचा भाग हांगझोऊपर्यंत खोदवला. त्यावरून दक्षिणेचा तांदूळ पुढे शतकानुशतकं उत्तरेच्या राजधान्यांना गेला. होड्या दोरानं ओढायच्या, तर ओढणाऱ्यांना चालायला वाट हवी. म्हणून हा बाओदाई पूल: ५३ कमानी, मधल्या तीन उंच, मोठ्या नावा जाव्यात म्हणून. नवव्या शतकात पूल बांधताना पैसे कमी पडले, तेव्हा वांग झोंगशू या अधिकाऱ्यानं कमरेचा मौल्यवान पट्टाच देऊन टाकला, अशी कथा आहे. 'बाओदाई' म्हणजे तोच, मौल्यवान पट्टा.

(फेंगच्याओ पूल, संध्याकाळ)

याच पुलापाशी तांग घराण्याच्या काळातला, आठव्या शतकातला कवी झांग जी यानं होडी काठाला लावली. झोप येईना. मध्यरात्री हानशान मंदिराची घंटा त्याच्या होडीपर्यंत ऐकू आली, आणि चार ओळींची कविता झाली. तीनशे वर्षांनी ओउयांग शिऊ या विद्वानानं हरकत घेतली: मध्यरात्री कुठं घंटा वाजते का? मग इतरांनी जुने दाखले शोधून काढले. वाजायची.

(घंटेचा एक टोल. पाण्यावरून एक पडाव पुढे सरकतो.)