ब्रासचा हिशेब

[पहाट. गावाच्या बाजूनं दिसणारी टेकडी. फक्त पक्ष्यांचे आवाज.]

समोरून बघितली तर ही अजून टेकडीच आहे. एसटीच्या थांब्यावरून, शाळेच्या पटांगणातून ती पूर्वीसारखीच दिसते. करवंदीच्या जाळ्या, माथ्यावर शेंदूर लावलेला म्हसोबा, उतारावर शेळ्या. आम्हीही पहिले दोन दिवस तिच्याकडे तशीच बघत होतो. तिसऱ्या दिवशी ड्रोन उडवला.

[ड्रोन माथ्यावरून पलीकडे जातो. टेकडीची मागची बाजू कापलेली, खाली दगडाची खाण. इथे निवेदन नाही.]

हा काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एकावर एक थर साचत दख्खनचं पठार झालं. कड्याच्या कापलेल्या अंगावर हे थर मोजता येतात. घट्ट, निळसर-काळा थर खडीला लागतो. त्याच्या वरखाली जो भेगाळलेला, भोकाभोकांचा थर दिसतो, त्यात पाणी असतं. गावच्या विहिरी त्या थरावर जगतात. म्हणजे खाणीला हवा असलेला दगड आणि विहिरीला हवा असलेला दगड एकाच कड्यात, एकमेकांना चिकटून. खड्डा भेगाळ थराच्या खाली गेला की आजूबाजूचं पाणी खड्ड्याकडे वळतं. खाणीला ते नको असतं, म्हणून पंप लावून उपसून टाकतात.

[काळा पाइप. पाणी ओढ्यात पडतंय. कॅमेरा पाइपच्या मागे मागे खड्ड्यापर्यंत.]

हा पाइप मार्चमध्ये वाहत होता. त्याच आठवड्यात खालच्या आळीतली विहीर आम्ही चित्रित केली. 

[विहिरीचा तळ. दोर, बादली.]

[दुपार. भोंगा.]

सुरुंगाआधी भोंगा वाजवायचा, रस्ता दोन्ही बाजूंनी अडवायचा, लाल बावटे लावायचे. हे सगळं नियमात आहे. चित्रीकरण चालू असताना हे सगळं झालंही. कॅमेरा नसतो तेव्हाही होतं का, ते गावकऱ्यांना विचारायला हवं.

[स्फोट, पूर्ण आवाजात. धूळ. मग शाळेची खिडकी.]

सुरुंगाचा हादरा मोजता येतो. जमीन सेकंदाला किती मिलिमीटर वेगानं हलली, ते यंत्र सांगतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात मर्यादा दिल्या आहेत. घर खाणमालकाचं नसेल आणि हादऱ्याची कंपनं सेकंदाला 8 पेक्षा कमी असतील, तर 5 मिलिमीटर. 8 ते 25 असतील तर 10, त्याहून जास्त असतील तर 15. संथ हादऱ्याला मर्यादा कडक, कारण घराची स्वतःची डोलण्याची लय त्याच्या जवळ असते. असं यंत्र गावाकडे नव्हतं. मग इथल्या एका गवंड्यानं जुनी युक्ती काढली. भिंतीतल्या तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरनं आडवी चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहायची. तडा वाढला की काच तडकते.

[एकामागून एक घरं. काच, तारीख. काच, तारीख. तुटलेली काच.]

पट्टी तुटली म्हणजे खाणीमुळेच तुटली, असं कायद्याच्या भाषेत सिद्ध होत नाही. पण तडे जुनेच आहेत, हे उत्तर त्यानंतर कुणी दिलं नाही.

आता या बायका. आमच्या दृष्टीनं ही फिल्म यांची आहे.

[फाट्यावरचा पार. तीन बायका, मांडीवर शंभर पानी वही. हायवा, म्हणजे मोठा डंपर, जातो. एक रेघ.]

खाणीतून मुख्य रस्त्याला लागायला एकच वाट, आणि ती या पारासमोरून जाते. सकाळी शेळ्या सोडल्या की यांची पाळी सुरू. दुपारी दुसऱ्या दोघी. रात्रीची मोजणी पोरं करतात, मोबाइलच्या उजेडात. भरलेला हायवा गेला की एक रेघ, पाचवी रेघ आडवी. वहीच्या कडेला गाडीचा नंबर, जमला तर. सुरुवातीला ड्रायव्हर हसायचे. नंतर काही जण नंबरप्लेटला चिखल फासून येऊ लागले. तेव्हा बायकांनी वहीत नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, चिखलवाले.

दगडाचं माप ब्रास. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. खाणपट्टा देताना सरकार किती ब्रास काढायचे ते ठरवून देतं आणि दर ब्रासला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी घेतं. राज्यात 2021 मध्ये दगडाचा हा दर 600 रुपये झाला. आता समजा, एका हायवात 5 ब्रास बसतात आणि दिवसाला 40 खेपा होतात. झाले 200 ब्रास, म्हणजे 1 लाख 20 हजार रुपये रॉयल्टी, रोजची. यातल्या निम्म्या खेपा वाहतूक पासाशिवाय, म्हणजे रॉयल्टीच्या पावतीशिवाय गेल्या तर रोजचे 60 हजार सरकारजमा होत नाहीत. हा हिशेब पारावरच झाला, सातवीतल्या एका मुलीनं वहीच्या मागच्या पानावर मांडला.

[मागचं पान. गुणाकार. हातचा एक.]

खेपा मोजल्या, पण परवानगी किती ब्रासची होती? त्यासाठी कागद लागतात. इथे आपण जरा थांबू. अशा लढ्यांच्या बातमीत मोर्चा दिसतो, कागद दिसत नाहीत.

[तहसील कचेरीचा जिना. फायलींचे गठ्ठे, वर नाडी.]

दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अर्ज. उत्तराची मुदत 30 दिवस. पहिल्या अर्जात गावकऱ्यांनी विचारलं, खाण बेकायदेशीर आहे का? उत्तर आलं, असा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. तेही खरंच. दुसऱ्या अर्जात त्यांनी मत विचारलं नाही, कागद मागितले. खाणपट्ट्याचा आदेश, गट नंबर आणि हद्दीचा नकाशा, वर्षभराच्या वाहतूक पासांचा गोषवारा, पर्यावरण मंजुरीची प्रत. माहिती अधिकारात फाईल प्रत्यक्ष बसून बघता येते, टिपणं काढता येतात. हे कळल्यावर चौघं जण जेवणाचे डबे घेऊनच कचेरीत गेले.

पर्यावरण मंजुरीचीही एक गोष्ट आहे. पूर्वी 5 हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्याला ती लागत नसे. त्यामुळे मोठ्या खाणीचे छोटे तुकडे पाडायची पद्धत पडली. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात ही पळवाट बंद केली. त्याच्याही आधी, 1983 साली, डेहराडूनच्या एका संस्थेनं चुनखडीच्या खाणींबद्दल या न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं होतं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं आणि मार्च 1985 मध्ये तिथल्या कित्येक खाणी बंद करायला लावल्या. पारावर बसणाऱ्या बायकांना हे माहीत असायचं कारण नाही. पण मंजुरीच्या कागदावर अटींची यादी आली, ती तिथून सुरू झालेल्या वाटेनं आली.

[अटींचं पान. बोट एकेका ओळीवरून फिरतं.]

क्रशरभोवती, म्हणजे खडी फोडणाऱ्या यंत्राभोवती, वारा अडवणारी भिंत. पाण्याचे फवारे. आतले रस्ते पक्के. कडेनं झाडांची रांग. आणि अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला. गावानं ही यादी मोठ्या अक्षरात काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली.

[तीच यादी. मग क्रशर. भिंत नाही, फवारे नाहीत. ज्वारीची पानं, पांढरी.]

सगळं गाव एका बाजूला होतं, असं समजू नका. खाणीवर इथल्याच पोरांचे डंपर आहेत, बँकेच्या हप्त्यांवर घेतलेले. जत्रेचा मांडव खाणमालकाच्या पैशातून पडतो. खाणीच्या मोजणीचा ठराव ग्रामसभेत आला त्या दिवशी भाऊ भावाशी बोलत नव्हता. कॅमेरा आत न्यायची परवानगी मिळाली नाही, म्हणून तुम्हाला फक्त बाहेरच्या चपला दिसतायत. खाणीत दगड फोडणारी माणसं या फिल्ममध्ये नाहीत. ती पालांमध्ये राहतात, मुकादमासमोर बोलत नाहीत. ही उणीव आमची.

ठराव झाला. वही, पासांचा गोषवारा आणि काचेच्या पट्ट्यांचे फोटो जोडून अर्ज गेला, मागणी एकच. खड्डा मोजा.

[तिपाईवरचं यंत्र. मोजणीदार, लांब काठी धरलेला पोरगा. कड्यावर उभ्या बायका.]

याला ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्रानं केलेली मोजणी म्हणतात. यंत्रातून खड्ड्याच्या कडा आणि तळाचे बिंदू घेतात, त्यावरून निघालेल्या दगडाचं घनफळ काढतात आणि पासांवरच्या ब्रासशी ताडून बघतात. पास खोटा बनवता येतो, पण खड्डा बुजवून लपवणं अवघड. मोजणी दिवसभर चालली. तलाठी भाऊसाहेबांना चहा पारावरूनच गेला आणि पंचनाम्यावर पंच म्हणून सह्या करायला दोन बायका पुढे आल्या.

[सही. हळू, जोडाक्षर तोडून.]

खड्डा परवान्यापेक्षा मोठा निघाला. नोटीस निघाली, जमीन महसूल संहितेच्या कलम 48 (7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, त्याविरुद्ध अपील झालं, सुनावणी चालू आहे. सुरुंग आता शाळा सुटल्यावर लागतात. विहिरीचं पाणी परतलेलं नाही.

[पार. संध्याकाळ. नवी वही, पहिलं पान.]

डिसेंबरचा अहवाल अजून आलेला नाही. त्यासाठीचा अर्ज सोमवारी गेला.

[हायवा जातो. एक रेघ. चित्र काळं.]