टोल, कांदा आणि पडद्यावरच्या चौकटी

[दृश्य: तलावपाळी, ठाणे. वाहिनीची ओबी व्हॅन, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा.]

निवेदन:

निवडणूक लागली की मराठी वृत्तवाहिन्यांच्या गाड्या गावोगाव फिरायला लागतात. ठाण्यात आल्या की बहुतेकदा मासुंदा तलावाची कड धरतात. कार्यक्रम सातचा असला तरी पुढच्या खुर्च्या साडेपाचलाच भरलेल्या. गळ्यात उपरणी, प्रत्येक पक्षाचा कोपरा ठरलेला. निवेदिका माइक पुढे करते, "ठाणेकरांना काय देणार, थोडक्यात सांगा." उत्तर अर्ध्यात येतं आणि पलीकडच्या कोपऱ्यातून घोषणा सुरू होतात.

अर्थकारण बोलायला याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही. तरीही ते इथेच बोललं जातं. तूट, कर्ज, अनुदान, करमाफी, सगळं चाळीस सेकंदांत. ते कसं सांगतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सांगताना काय गाळतात, ते बघू.

[दृश्य: आनंदनगर टोलनाका, मुलुंडकडे जाणारी वाहनं.]

टोलचंच घ्या. मुंबईत शिरायचे पाच टोलनाके: वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोटारीचा टोल ४० वरून ४५ रुपये झाला. मनसेचे अविनाश जाधव ठाण्यात उपोषणाला बसले, वाहिन्यांना आठवडाभराचा विषय मिळाला. वर्षभराने, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून, हलक्या वाहनांना या पाचही नाक्यांवर टोल माफ झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली.

४५ रुपये हा आकडा टीव्हीसाठीच जन्माला आल्यासारखा आहे. लहान आहे, सगळ्यांना पाठ आहे, आणि गाडीच्या काचेतून हात बाहेर काढून दिलेला आहे. त्यामुळे "टोलमुक्ती" एवढा एक शब्द उच्चारला की उमेदवाराचं काम झालं. पण नाक्यावर न मिळालेला पैसा हवेत विरत नाही. रस्त्या-पुलांच्या हिशोबातली ती जागा सरकारला दुसरीकडून भरावी लागते. म्हणजे कळव्याहून रोज लोकलला लटकणारा, ज्याच्याकडे मोटारच नाही, तोही त्यात थोडा हातभार लावतो. टोलमाफी चूक होती असं अजिबात म्हणायचं नाही. आनंदनगरच्या रांगेत जळलेलं पेट्रोल आणि वेळ हाही खर्चच होता. पण हे दोन्ही खर्च शेजारी शेजारी मांडून बोलणारा उमेदवार कुठल्या वाहिनीवर दिसला?

[दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत, स्टुडिओ.]

उमेदवारांना समोरासमोर उभं करायची टीव्हीवरची पद्धत गाजली ती अमेरिकेत. २६ सप्टेंबर १९६०, शिकागो, अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन. त्या रात्रीचं म्हटलं की सगळे निक्सनच्या घामाबद्दल बोलतात. विषय होता देशांतर्गत प्रश्न, आणि केनेडींनी सुरुवातीलाच पोलाद गिरण्यांची निम्मी क्षमता वापराविना पडून असल्याचं सुनावलं होतं. घाम लक्षात राहिला, पोलाद विसरलं गेलं.

वीस वर्षांनी रेगन यांनी युक्ती बदलली. महागाई १३ टक्क्यांच्या आसपास होती, पण समारोपात त्यांनी टक्के काढलेच नाहीत. २८ ऑक्टोबर १९८० ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या शेजारी उभं राहून प्रेक्षकांनाच विचारलं: चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? दुकानात जाऊन वस्तू घेणं सोपं झालंय का? हिशोब ज्याचा त्याने घरी करायचा. आजही आपल्याकडे सिलिंडरचा भाव विचारून टाळ्या घेणारा प्रत्येक वक्ता हीच वाट चालतो.

[दृश्य: उंच स्टुलांवर बसलेले तीन उमेदवार, समोर प्रेक्षक.]

पण खरी बघण्यासारखी रात्र १५ ऑक्टोबर १९९२ ची. व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड. राष्ट्राध्यक्ष बुश, आर्कान्सास राज्याचे गव्हर्नर बिल क्लिंटन आणि अपक्ष रॉस पेरो. प्रश्न विचारायला पत्रकार नव्हते, मत न ठरलेले मतदार होते. एका तरुणीने विचारलं, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्यापैकी प्रत्येकाच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? आणि झाला नसेल, तर आमच्या अडचणींवर तुम्ही उपाय कसा काढणार?

ती बोलत होती तेव्हाच बुश यांनी घड्याळात पाहिलं. कॅमेऱ्याने ते टिपलं. मग त्यांनी व्याजदराचं सांगितलं, आणि प्रश्न नीट कळला नसल्याची कबुलीही दिली. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. तिला कर्ज नव्हे, मंदी म्हणायचं होतं, हे शेवटी सूत्रसंचालिकेला सांगावं लागलं. क्लिंटन स्टुलावरून उठले, तिच्या दिशेने चालत गेले आणि उलट तिलाच विचारलं, तुमच्यावर काय परिणाम झाला ते सांगा. नोकऱ्या गेलेली, घरं गेलेली माणसं तुमच्या ओळखीची आहेत ना? माझ्या छोट्या राज्यात कुणाची नोकरी गेली तर बहुधा मी त्याला नावाने ओळखतो.

आता गंमत बघा. अर्थतज्ज्ञांच्या अधिकृत नोंदीनुसार ती मंदी मार्च १९९१ मध्येच संपलेली होती. ही नोंद जाहीर झाली डिसेंबर १९९२ मध्ये, निकाल लागून गेल्यावर. बेकारी मात्र ७ टक्क्यांच्या वरच होती. कागद एक सांगत होता, घर दुसरं. क्लिंटन यांनी घराचं ऐकलं आणि बाजी मारली. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कर्जाचं काय करणार, याचं पटेलसं उत्तर त्या मिनिटात त्यांनीही दिलं नाही. आपुलकी दिसली, हिशोब राहिला.

हिशोब केला तो पेरो यांनी. टीव्हीवरचा अर्धा अर्धा तास विकत घेऊन, पट्टीने तक्ते दाखवत. लोक कंटाळून उठले असतील असं वाटतं ना? त्यांना जवळपास १९ टक्के मतं पडली. राज्य एकही जिंकलं नाही, पण लोकांना आकडे नकोत हे वाहिन्यांचं लाडकं मत त्यानंतर तरी बदलायला हवं होतं.

[दृश्य: वृत्तवाहिनीचा पडदा. आठ चौकटी, खाली धावती पट्टी.]

आपल्याकडे असं समोरासमोर होतच नाही. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार कळवला, चर्चा झाली नाही. आपल्या वाट्याला येतात आठ चौकटी आणि आठ प्रवक्ते. उमेदवार प्रचारात असतो, शब्द देतो प्रवक्ता, आणि तो पाळायची जबाबदारी दोघांपैकी कुणाचीच नसते.

[दृश्य: तुर्भे, बाजार समितीचं कांदा-बटाटा मार्केट. पहाट. माथाडी कामगार गोण्या उतरवताना.]

लोक याला वाशी मार्केट म्हणतात, पण आहे तुर्भ्यात. नाशिक, पुणे, नगरकडून रात्रभर गाड्या येतात. गाळ्यापुढे गोणी उसवून मूठभर कांदे पसरलेले. व्यापारी एक उचलतो, सालपट चोळून सुकवण बघतो, देठाशी अंगठा दाबतो, मग भाव बोलतो. या भावाच्या एका टोकाला शेतकरी, दुसऱ्या टोकाला नेरूळ-कोपरखैरण्याचं गिऱ्हाईक. भाव चढला की एक हसतो, पडला की दुसरा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याला किलोमागे १ रुपया भाव मिळाला. हमाली, तोलाई, गाडीभाडं मिळून ५०९ रुपये ५० पैसे कापले गेले. हातात आला २ रुपयांचा चेक. शेती अर्थशास्त्रावरच्या शंभर भाषणांनी जे झालं नसतं, ते त्या चेकच्या फोटोने झालं.

मग ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, शहरातला भाव आटोक्यात ठेवायला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. २० मे ला नाशिक, दिंडोरी आणि ठाणे, तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी लोकसभेचं मतदान झालं. नाशिक, दिंडोरी सत्ताधाऱ्यांच्या हातून गेलं. कांदा हे एकमेव कारण नव्हे, पण ते नव्हतंच असं सत्ताधारीही म्हणाले नाहीत. ठाण्यातल्या सभेत स्वस्त कांद्याचं श्रेय आणि नाशकात निर्यातबंदीवर मौन, हे जमू शकतं, कारण दोन सभांचा श्रोता वेगळा असतो. तुर्भ्याच्या या गाळ्यापुढे उमेदवाराला उभं केलं तर दोन्ही श्रोते एकाच वेळी समोर येतील. वाहिन्यांनी एकदा करून बघावं.

[दृश्य: पाटीवर खडूने केलेला गुणाकार.]

शेवटी २०२४ च्या विधानसभेची सर्वांत मोठी बोली. लाडकी बहीण, महिना १,५०० रुपये. कोपरी-पाचपाखाडीतून उभे असलेले तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या महायुतीने २,१०० कबूल केले, महाविकास आघाडीने ३,०००. लाभार्थी ढोबळमानाने अडीच कोटी धरू. १,५०० ने वर्षाला ४५,००० कोटी. २,१०० ने ६३,०००. ३,००० ने ९०,०००. राज्याचा एकूण महसूल तेव्हा साधारण ५ लाख कोटी. चौथीतला गुणाकार आहे, वीस सेकंद लागतात. चर्चांमध्ये मात्र वेळ गेला तो योजना आधी कुणाला सुचली यावर. १० मार्च २०२५ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्प मांडला. योजनेसाठी तरतूद ३६,००० कोटी, २,१०० ची घोषणा नाही.

पैसे कुठून आणणार, हा प्रश्न विचारायला नियमाचाही आधार आहे. ५ जुलै २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आचारसंहितेत जाहीरनाम्यांचा भाग जोडला गेला. आश्वासनासाठी लागणारा पैसा कसा उभा करणार, हे पक्षांनी ढोबळमानाने सांगावं, असं त्यात आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने एक तक्ताच सुचवला: लाभार्थी किती, खर्च किती, आणि पैसा नव्या करांतून, दुसरा खर्च कापून की कर्ज काढून. अनेक पक्षांनी विरोध केला. आयोगाला तो लागू करायला पक्षांशी झगडावं लागेल. निवेदिकेला मात्र हातातल्या कार्डावर ते तीन रकाने लिहून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.